बादली घेऊन धावलेली मुलगी

माजिवडा नाक्यावर रविवारी संध्याकाळी सहा वाजता शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. एका अंगाने मुंबईचा हायवे येतो, तोच पुढे नाशिकला निघतो, एकीकडे घोडबंदर रोड फुटतो, वर उड्डाणपूल आणि बाजूला मेट्रोचे खांब. या गोंगाटाच्या काठावर टाइल्सचं एक दुकान आहे आणि दुकानाच्या डोक्यावर एक हॉल. आठवडाभर तिथे दहावीचा क्लास चालतो. रविवारी फळ्यावरचं बीजगणित पुसून उपासना भरते. माझी धाकटी जाऊ दोन वर्षं माझ्या मागे लागली होती, "ताई, एकदा येऊन तर बघा." गेल्या पावसाळ्यात गेले.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, ड्रम, अर्धा तास उभ्याने गाणी. मग पाळकांनी हात वर केला आणि साठ-सत्तर माणसं एकदम, आपापली, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागली. माझ्या डाव्या हाताला चाळिशीची एक बाई होती. पायाशी भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी डोकावत होती. आधी ती मराठीत बोलत होती. मुलाची नोकरी, घराचा हप्ता, सासऱ्यांचं ऑपरेशन. बोलता बोलता मराठी सुटली. "शंदाला, रबासे, काळेमा, रबासे..." डोळे मिटलेले, आवाज संथ, चेहरा रडून मोकळं झाल्यासारखा. मी पस्तीस वर्षं नर्सिंग केलेली बाई. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिची नाडी बघावी का?

तेवढ्यात ती थांबली, ओढणीने डोळे पुसले, पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि माझ्याकडे बघून हसली. नाडी बघायची गरज नव्हती.

मी मूळची नगरची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, तेव्हापासूनची आमची मंडळी. उपासनेत पेटी, नारायण वामन टिळकांची भजनं आणि पाऊण तासाचा उपदेश. खोकला आला तरी रुमालात. पवित्र आत्म्याचं नाव शेवटच्या आशीर्वादात यायचं आणि त्यानंतर सगळे मटणाच्या ओढीने घरी. अन्य भाषा बोलणं, देवाचा संदेश सांगणं, हात ठेवून रोगी बरे करणं हे सगळं प्रेषितांच्या काळात झालं आणि तिथेच संपलं, हे आम्हाला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. ते आमच्या हवेतच होतं. त्यामुळे साठी उलटल्यावर माजिवड्याच्या त्या हॉलमध्ये शेजारची बाई 'रबासे' म्हणू लागली, तेव्हा मला आधी भीती वाटली, मग थोडी लाज आणि घरी आल्यावर कुतूहल. निवृत्त माणसाला कुतूहल परवडतं. वाचायला लागले.

ही दानं थांबली की अजून चालू आहेत, हे भांडण जुनं आहे. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर. तिथल्या मंडळीला पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास पत्र लिहिलं. त्याच्या बाराव्या अध्यायात नऊ कृपादानं मोजली आहेत. कुणाला ज्ञानाचं वचन, कुणाला विश्वास, कुणाला रोग बरे करण्याचं दान, कुणाला निरनिराळ्या भाषा, कुणाला त्या भाषांचा अर्थ लावणं, अशी. पुढच्याच अध्यायात तो सांगतो की या भाषा थांबतील; पूर्ण ते आलं की अपूर्ण ते जाईल. सगळा वाद या 'पूर्ण' शब्दाचा. एक पक्ष म्हणतो, नवा करार लिहून झाला, तेच पूर्ण. मग दानांची गरज उरली नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पूर्ण म्हणजे ख्रिस्त परत येईल तो दिवस, आणि तो काही अजून आलेला नाही.

पहिल्या पक्षाचा मोठा वकील म्हणजे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा प्राध्यापक बेंजामिन वॉरफिल्ड. खोट्या चमत्कारांवरचं त्याचं पुस्तक १९१८ मध्ये निघालं. त्याचं म्हणणं असं, की चमत्कार ही प्रेषितांची ओळखपत्रं होती. नेमणूक सिद्ध झाली, काम संपलं. चौथ्या शतकाच्या शेवटी योहान क्रिसोस्तोमानेही याच अध्यायांवर उपदेश करताना कबूल केलं होतं की हे प्रकरण आपल्याला नीट उमगत नाही, कारण असलं काही आता घडत नाही.

मला त्यांच्यापेक्षा ऑगस्टीन आवडला. हा माणूस आधी म्हणाला, असे चमत्कार आता चालू राहिलेले नाहीत. म्हातारपणी 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात त्याने स्वतःचाच शब्द फिरवला. आपल्या हिप्पो गावात दोन वर्षं पुरी व्हायच्या आत सत्तरच्या आसपास घटना लिहून घेतल्याचं तो सांगतो. बऱ्या झालेल्या माणसाने काय झालं ते लिहून द्यावं आणि ते सगळ्यांसमोर वाचलं जावं, असा त्याचा आग्रह. नोंद ठेवा म्हणणारा बिशप नर्सला आवडणारच.

पण हे सगळे परदेशातले. या प्रश्नाची आपल्या घरची गोष्ट आहे ती पुणे जिल्ह्यातल्या केडगावची. ती मला पुस्तकात भेटण्याआधी तोंडी भेटली. नर्सिंग शिकत असताना आम्हा मुलींना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुलींसाठी त्यांनी उभं केलेलं घर, बघायला नेलं होतं. नगरहून दौंड, दौंडला गाडी बदलून पुण्याच्या दिशेने केडगाव. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला झाडाखाली बसवून बादलीची गोष्ट सांगितली. त्यांनीही ती त्यांच्या आधीच्या बायकांकडून ऐकलेली. पण सांगण्याचा थाट असा, जणू काल रात्रीच घडलंय.

रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत मुलींना विचारलं, रोज जमून पवित्र आत्म्यासाठी कोण प्रार्थना करील? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्याआधीच्या वर्षी वेल्समध्ये मोठं धर्मजागरण झालं होतं, ते खासी टेकड्यांपर्यंत पोचलं होतं, आणि त्याच्या बातम्या केडगावात वाचल्या जात होत्या. २९ जूनच्या पहाटे, साडेतीनच्या सुमाराला, झोपायच्या दालनात एका मोठ्या मुलीला एकदम जाग आली आणि ती मोठ्याने प्रार्थना करू लागली. जवळच्या मुलीला दिसलं की हिच्या अंगावर जाळ आहे. ती धावत गेली, पाण्याची बादली भरून आणली, आता ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की ही पेटलेली नाही.

मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाई तेव्हा मुक्तीत काम करत होत्या. त्यांनी ही हकिगत लिहून ठेवली. त्यानंतर ती पुष्कळ पुस्तकांत गेली. सगळे लेखक त्या जाळाबद्दल लिहितात. मला मात्र पहिल्यापासून ती बादलीवाली मुलगी जवळची वाटते. पहाटे साडेतीनला जाळ दिसल्यावर ती गुडघे टेकून बसली नाही. पाणी आणायला गेली. आणि पाणी आणल्यावर आंधळेपणाने ओतलंही नाही, आधी बघितलं. रात्रपाळीच्या सिस्टरकडून याहून जास्त काय अपेक्षा असते?

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या. मधेच सगळ्या मुली एकदम रडून, ओरडून प्रार्थना करू लागल्या, इतक्या की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे आठवडेच्या आठवडे हेच. मुली थरथरत होत्या, हसत होत्या, पापं कबूल करत होत्या. अन्य भाषांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास बहुतेक लोक लॉस एंजेलिसच्या ॲझुसा स्ट्रीटपासून सुरू करतात. ते एप्रिल १९०६. केडगाव त्याच्या साडेनऊ महिने आधी. अन्य भाषा मात्र मुक्तीत १९०६ च्या अखेरीला ऐकू आल्या. एब्रम्सबाईंची पवित्र आत्मा आणि अग्नीवरची पुस्तिका १९०६ चीच. त्यांनी ती आपल्या एका जुन्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रीण होती दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत, व्हॅल्पारायसो बंदरात. तिचा नवरा विलिस हूवर तिथला मेथडिस्ट पाळक. त्या पुस्तिकेतून तिकडे प्रार्थना सुरू झाली, १९०९ मध्ये जागरण झालं, आणि आज चिलीत जे मोठे पेंटेकॉस्टल पंथ आहेत त्यांचं मूळ ते लोक स्वतःच तिथवर नेतात. दुष्काळात उचलून आणलेल्या आपल्याकडच्या पोरींची बातमी कुठे जाऊन पोचली बघा. केडगाव स्टेशनवर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

रमाबाई या सगळ्याकडे कशा बघत होत्या, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग. मिशनरी मंडळींतूनच टीका झाली. हा आरडाओरडा कसला, हे असंस्कृत, कदाचित सैतानी. रमाबाईंनी आपल्या वार्तापत्रात उत्तर दिलं, त्याचा आशय असा, की पवित्र आत्म्याला इतर देशांत जसं मोकळेपण आहे तसं हिंदी माणसांत का नसावं? इंग्रजी-अमेरिकन सभ्यतेच्या मापात बसत नाही ते सगळं सैतानाचं कसं? एवढं ठणकावून सांगितलं, पण स्वतः अन्य भाषा बोलल्याचा दावा केला नाही. जिला भाषा आली तिलाच आत्मा मिळाला, असा नियमही मुक्तीत बसवला नाही. अमेरिकेत तो नियम जोर धरत होता. एब्रम्सबाईंनीही तो तसाच्या तसा घेतला नाही.

आणि आता नर्स म्हणून जे मला दिसतं ते सांगते. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ते जमलं नाही, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. तो बहिरेपणा पुढे वाढतच गेला. ज्या घरात शेकडो मुली एका सुरात प्रार्थना करत होत्या, रोगी बरे झाल्याच्या साक्षी दिल्या जात होत्या, त्या घराच्या आईचे कान बरे झाले नाहीत. नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षं होत नाहीत तोच पटकीने गेलेले. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मुक्तीत आंधळ्या मुलींसाठी एक वेगळं सदन होतं. त्याला नाव दिलं होतं शुभवर्तमानातल्या बार्तीमयाचं. येशूने ज्या आंधळ्याला दृष्टी दिली तो. त्या सदनात मनोरमाबाई मुलींना ब्रेल शिकवत होत्या. दाराला नाव चमत्काराचं आणि आत टोचलेल्या ठिपक्यांवरून बोटं फिरवण्याचा रियाज. दोन्हींत विरोध आहे असं तिथे कुणाला वाटल्याचं माझ्या वाचनात नाही.

भाषांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण मला मराठीची हौस आहे आणि त्या संध्याकाळपासून 'काळेमा'तला तो 'ळ' डोक्यातून गेलेला नाही. जाऊबाई रात्री टीव्हीवर अमेरिकन प्रचारक ऐकतात. त्या प्रचारकांची अन्य भाषा मी कान देऊन ऐकली, 'ळ' एकदाही आला नाही. विल्यम समारिन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने अनेक देशांतल्या अन्य भाषा गोळा करून १९७२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा, की ही माणसाला ठाऊक असलेली कुठलीही भाषा नाही. तिला व्याकरण नाही. ध्वनी मात्र बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच येतात. त्याने हे थट्टा म्हणून लिहिलं नाही. असं बोलणारा माणूस वेडा नसतो, हेही त्यानेच ठासून सांगितलं. पुढे २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी अशा पाच बायकांच्या मेंदूची चित्रं काढली. भजन म्हणतानाच्या तुलनेत अन्य भाषा बोलताना कपाळामागच्या भागातला, म्हणजे लगाम धरणाऱ्या भागातला रक्तप्रवाह कमी झालेला दिसला. बायका सांगत होत्या की आम्ही बोलत नाही, आमच्यातून बोललं जातं. मेंदूचं चित्र त्यांना खोटं पाडत नव्हतं. पाचच बायका होत्या, हे मात्र विसरू नये.

मग दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी मुक्तीतल्या एका मुलीबद्दल लिहून ठेवलंय त्याचं काय? तिला इंग्रजी येत नव्हतं आणि तिने इंग्रजीत प्रार्थना केली. मुक्तीत इंग्रजी रोज कानावर पडत होतं. ऐकलेलं कुठे साठतं आणि कधी वर येतं, याची एक झलक मी वॉर्डात पाहिली आहे. जन्मभर मराठीत संसार केलेली एक सोलापूरकडची आजी तापाच्या भरात तीन दिवस कानडीत बोलत होती. तिच्या मुलांना आईला कानडी येतं हेच ठाऊक नव्हतं. मुक्तीतल्या मुलीचं तसंच झालं असेल असं माझं म्हणणं नाही. पण तसं झालं असेल तरी त्यामुळे तिची प्रार्थना खोटी ठरते, असंही मी म्हणणार नाही.

गंमत बघा. गोव्याचे संत फ्रान्सिस झेव्हियर यांना अन्य भाषांचं वरदान होतं, अशी श्रद्धा पुढे पसरली. त्यांची स्वतःची पत्रं वाचली तर बिचारे तामिळशी झगडताना दिसतात. दुभाषे धरतात, प्रार्थना घोकून पाठ करतात. आणि फादर स्टीफन्स, इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आलेले, मराठी इतकी घोटून बसले की १६१६ मध्ये त्यांचं 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत छापून निघालं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी केलं, मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले. पूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये बाहेर पडला. पौलाच्या यादीत भाषेचा अर्थ सांगणं हेही दान म्हणून मोजलेलं आहे. त्याची सभा कुणी लावत नाही. चौदाव्या अध्यायात तर त्याने सरळ नियम घालून दिलाय: एका बैठकीत दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. त्या हॉलमध्ये साठ-सत्तर जण एकदम बोलत होते. मी पाळकांना जिन्यात हे विचारलं. ते तरुण आहेत, दिवसा कुरियर कंपनीत काम करतात. हसले आणि म्हणाले, "मावशी, पौल आमच्याकडे आला तर आम्हाला पण पत्र लिहील." उत्तर आवडलं. पटलं नाही.

आता रोग बरे होण्याचं. हे माझं क्षेत्र, त्यामुळे इथे माझा आवाज चढला तर समजून घ्या.

माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'पाणी' म्हणता येईना. तांब्याकडे बोट दाखवायच्या. महिन्याभराने नाताळच्या आधी घरात भजनं चालली होती, आणि सासूबाई पलंगावरून टिळकांचं भजन सगळ्यांबरोबर म्हणू लागल्या. शब्द स्पष्ट. पहिलं कडवं, दुसरं कडवं. घरभर रडारड, कुणी गुडघ्यांवर, कुणी फोनवर. भजन संपलं, मी तांब्या पुढे करून विचारलं, "आई, हे काय?" त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. मला कारण ठाऊक होतं. बोलणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं. पाठ असलेलं गाणं उजव्या बाजूच्या आधाराने निघू शकतं. पुढे आम्ही त्याच वाटेने गेलो. आधी चालीवर 'पाणी' म्हणवून घेतलं, मग चाल काढून टाकली. पाच महिने लागले. कारण ठाऊक असूनही त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हेही इथेच सांगून टाकते.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. पुष्कळ वर्षं झाली. आमच्या वॉर्डात एक बाई आली, पन्नाशीची. पायाला जखम, काळी पडलेली, वास. साखर यंत्राच्या आकड्यापलीकडे. एका मोठ्या मंडपातल्या सभेत कुणी प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. चार महिने तिने गोळी घेतली नाही. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिने मला काय विचारलं असेल? "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का?" पाय गेला तो गेला, वर गुन्हाही तिच्याच माथी. तो प्रचारक कुठे होता कुणास ठाऊक.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. वैद्याला हाकला असं कुठेही नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असं पौलच एका पत्रात सांगतो. रोमनेही १४ सप्टेंबर २००० ला सूचना काढली की आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांत उन्माद आणि नाटकीपणा नको. आपल्या राज्यातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि ज्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर निघाला, तोही प्रार्थनेवर बंदी घालत नाही. चमत्काराचा देखावा करून फसवणं, पैसा काढणं, साप चावलेल्याला उपचारापासून रोखणं, हे त्यात गुन्हे आहेत. तो कायदा सगळ्याच धर्मांतल्या बुवांना लागू आहे, हे आमच्या लोकांनी ध्यानात ठेवावं.

प्रार्थनेचा उपयोग मोजायचा प्रयत्नही झाला आहे. बायपासच्या १,८०२ रोग्यांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापला गेला. ज्यांच्यासाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात फरक नाही. उलट ज्यांना पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात गुंतागुंत जास्त, शंभरांत ५९. मला याचं नवल वाटलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी येऊन सांगितलं की तुमच्यासाठी खास प्रार्थना लावली आहे, तर माणूस म्हणेल, अरे बापरे, माझं एवढं काय झालंय? शिवाय देव काही त्या अभ्यासात सही करून सामील झाला नव्हता.

आमच्या मजल्यावरची शेजारीण वसईची, कॅथलिक. वर्षातून एकदा कल्याणच्या ताबोर आश्रमात ध्यानाला जाऊन येते. तिला हा वादच समजत नाही. "थांबले कधी?" असं विचारते. कॅथलिक मंडळीत संतपदासाठी अजून चमत्कार तपासले जातात, बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहिले जातात. तिनेच मला ठाण्याची गोष्ट आठवून दिली. १३२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पुढे इथून गेलेल्या ओदोरिक या प्रवाशाने सगळं लिहून ठेवलं. ज्या ख्रिस्ती घरात ते उतरले होते तिथे नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली, साक्षीला साधू बोलावले, बोलणं धर्मावर गेलं आणि बिघडलं. त्यांतल्या पादुआच्या जेम्सला दोनदा आगीत टाकलं, तो जळला नाही, असं ओदोरिक सांगतो. जिथे ते मेले तिथली माती पाण्यात कालवून सगळ्या धर्मांचे लोक औषध म्हणून पीत होते, असंही सांगतो. आगीतून वाचलेला जेम्स शेवटी तलवारीने मेला. ओदोरिकला यात काही विसंगत वाटलं नाही. शेजारणीलाही वाटत नाही. मला वाटतं, आणि आम्ही दोघी त्यावर चहा पिता पिता भांडतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची एक घरगुती मारझोड आणि तिची फिर्याद, एवढंच मला त्या हकिगतीत पक्कं खरं वाटतं.

माझं मत विचाराल तर कृपादानं थांबली असं ठरवायला मला शास्त्रात आधार सापडत नाही. वॉरफिल्डने मोठी मेहनत घेतली, पण तो 'पूर्ण' त्याच्या हाती लागला नाही. आणि कृपादान म्हणून माझ्यासमोर जे मांडलं जातं, त्यातलं पुष्कळ मला कृपादान वाटत नाही. मेथीची पिशवी घेऊन आलेल्या त्या बाईचं 'रबासे' मी तिच्याजवळच राहू देते; ते तिचं आणि देवाचं बोलणं आहे आणि ते कुणाचा पाय काढत नाही. मंडपातल्या त्या प्रचारकाच्या वेळी मात्र वॉर्डातून बादली घेऊन कुणीतरी आधी पोचायला हवं होतं. आम्ही चार महिने उशिरा पोचलो.

हॉलमध्ये मी आता महिन्यातून एकदा जाते. जाऊबाईंना अकरा वर्षं मधुमेह आहे. मी आणि त्यांनी जिन्यात करार केलाय, पाळकांच्या समोर: प्रार्थना हवी तेवढी करून घ्यायची, साक्ष द्यायची असेल तर आधी रिपोर्ट दाखवायचा, गोळीला हात लावायचा नाही. पाळकांनी तो करार पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. गेल्या आठवड्यात जाऊबाईंवर हात ठेवून प्रार्थना झाली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी साखर १६४. गोळी चालू आहे.